भोकाविना गाळणी

माझी भाची मॉरिसव्हिलला राहते. गेल्या खेपेला मी तिच्याकडे होतो, तेव्हा तिच्या मुलाला शाळेत विज्ञानाचा एक छोटा प्रयोग करून न्यायचा होता. आम्ही दोघांनी ओट्यावर दोन फुगे मांडले. एक हातपंपाने साध्या हवेने भरला. दुसऱ्यासाठी बाटलीत व्हिनेगर घेतलं, फुग्यात खायचा सोडा घातला आणि फुग्याचं तोंड ताणून बाटलीच्या गळ्यावर बसवलं. फुगा उभा धरताच सोडा खाली पडला, फस्सकन फेस आला आणि फुगा टरारला. दोन्ही फुगे एकाच पाकिटातले, फुगवलेलेही सारखेच, गाठीही सारख्याच घट्ट. रात्री ते बैठकीच्या खोलीत ठेवून दिले. सकाळी हवेचा फुगा टणक होता. सोड्याचा मात्र बसला होता, सुरकुतला होता, दाबला की बोट रुतत होतं.

‘‘आजोबा, याला भोक आहे,’’ असा निकाल लागला. मग बादलीत पाणी घेऊन तो फुगा बुडवून धरला. एक बुडबुडा वर आला नाही. भोक नव्हतं.

व्हिनेगर आणि सोडा एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड सुटतो. तो रबरातून भोकाशिवाय गेला कसा आणि हवेच्या आधी का गेला, या दोन प्रश्नांमागे माणसं जवळजवळ दोनशे वर्षं लागली आहेत. त्यांच्या उत्तरातूनच एक वस्तू जन्माला आली. आज ती गॅसच्या विहिरींवर, खतांच्या कारखान्यांत आणि कोळशाच्या वीजकेंद्रांच्या धुराड्यांशी उभी केली जाते. तिला मेम्ब्रेन म्हणतात. आपण साधं ‘पडदा’ म्हणू. या पडद्याच्या इतिहासातला मोठा भाग आम्ही ज्या ओट्यावर फुगे फुगवले त्याच्या आसपासच्या पंधरा-वीस मैलांत घडला आहे.

मॉरिसव्हिल हे नॉर्थ कॅरोलायनातलं लहानसं शहर. जेरेमाया मॉरिस नावाच्या गृहस्थांनी १८५२ मध्ये रेल्वेला तीन एकर जमीन दिली, तिथे स्थानक झालं आणि त्यांचंच नाव गावाला पडलं. गावाला सनद मिळाली १८७५ मध्ये. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या तीस हजारांच्या आत होती, आणि तिच्यात भारतीय कुटुंबांचा वाटा इतका, की चर्च स्ट्रीट पार्कच्या मैदानावर २०२३ मध्ये अमेरिकेच्या व्यावसायिक क्रिकेट लीगचे सामने झाले. एका बाजूला रॅली शहर आणि तिथलं नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठ, दुसऱ्या बाजूला १९५९ मध्ये वसवलेलं रिसर्च ट्रँगल पार्क. आपली मंडळी इथे आली ती संगणकाच्या आणि औषधांच्या नोकऱ्यांमुळे. त्यांच्या कितीतरी आधीपासून इथे लोक धागे काढत होते, आणि पडद्याची गोष्ट त्या धाग्यापाशीच येऊन मिळते. पण आधी फुग्याकडे जाऊ.

रबराचा पहिला फुगा केला मायकेल फॅरडे यांनी, १८२४ मध्ये, लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये. कच्च्या रबराच्या दोन चकत्या एकमेकींवर ठेवून त्यांनी कडा दाबून चिकटवल्या, आणि मधला भाग चिकटू नये म्हणून आत पीठ भुरभुरलं. हायड्रोजनचे प्रयोग करायला त्यांना पिशवी हवी होती. ही पिशवी गळते, हे नीट पाहिलं फिलाडेल्फियाच्या एका डॉक्टरांनी. त्यांचं नाव जॉन कियर्सली मिचेल. १८३१ च्या सुमारास त्यांनी वेगवेगळ्या वायूंनी फुगे भरले आणि ते बसायला किती वेळ लागतो ते नोंदवलं. प्रत्येक वायूचा वेळ वेगळा आला. कार्बन डायऑक्साइड घाईने जाणाऱ्यांपैकी होता. शिवाय रबराचा तुकडा या वायूत ठेवला की तो वायू पिऊन फुगतो, हेही त्यांना दिसलं. गळती भोकाची असती, तर रबर फुगायचं कारण नव्हतं.

या निरीक्षणाला शास्त्राचं रूप दिलं टॉमस ग्रॅहम यांनी. ते तेव्हा ब्रिटनच्या टांकसाळीचे प्रमुख होते. १८६६ च्या निबंधात त्यांनी रबरातून जाणाऱ्या वायूंचे वेग मांडले. नायट्रोजनचा वेग १ धरला, तर ऑक्सिजनचा २.५५६, हायड्रोजनचा ५.५ आणि कार्बन डायऑक्साइडचा १३.५८५. आमचा सोड्याचा फुगा हवेच्या फुग्याआधी का बसला, याचं उत्तर या चार आकड्यांत आहे. ग्रॅहम यांनी रबर चढवलेल्या रेशमी कापडाच्या एका बाजूला निर्वात केलं आणि साधी हवा आत खेचली. आत जमलेल्या हवेत ऑक्सिजन ४१.६ टक्के निघाला. विझत आलेली ढलपी त्या हवेत धरली की पुन्हा पेट घ्यायची. हवा गाळून ऑक्सिजन वाढवता येतो, हे माणसाने पहिल्यांदा असं डोळ्यांनी पाहिलं.

ग्रॅहम यांचं स्पष्टीकरण आजही खरं मानलं जातं. वायू आधी पडद्यात विरघळतो, मग आतल्या आत सरकत पलीकडे जातो आणि तिथे बाहेर पडतो. अमेरिकेला जाताना ज्यांनी हिंगाची पुडी बॅगेत टाकली आहे, त्यांना हे समजावून सांगायला नको. तीन-तीन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून गाठी मारल्या, तरी उतरल्यावर साडीलाही हिंगाचा वास येतो. पिशवीला भोक नसतं. हिंगाचे वासाचे रेणू प्लॅस्टिकमध्येच मुरतात आणि पलीकडून निघतात. पिठाची चाळणी फक्त आकार बघते. हा पडदा दोन गोष्टी बघतो: कोण किती विरघळतो आणि कोण किती चपळ आहे. कार्बन डायऑक्साइडचा रेणू दोन्हींत पुढे. वजनाने तो नायट्रोजनपेक्षा जड, पण अंगाने बारीक. सरकण्याच्या दृष्टीने त्याची जाडी ०.३३ नॅनोमीटर, नायट्रोजनची ०.३६४. आणि रबरासारख्या पदार्थांत तो इतर वायूंपेक्षा सहज विरघळतो.

एवढं १८६६ मध्ये कळलं होतं, तर कारखान्यात पडदा यायला शंभराहून जास्त वर्षं का लागली? कारण जाडी. पडदा जितका जाड, तितका वायूचा ओघ कमी. हाताला लागेल असा पडदा केला, तर वायू थेंबाथेंबाने येतो; कारखान्याला तो चालत नाही. फार पातळ केला तर फाटतो. मधल्या काळात माणसांनी मोजमाप पक्कं केलं. व्रोब्लेव्स्की यांनी १८७९ मध्ये विरघळणं आणि सरकणं यांचा गुणाकार मांडला. रिचर्ड बॅरर यांनी १९३९ पासून रबरातली सरक कशी मोजायची याची शिस्त घातली. आज या विद्येतलं एकक त्यांच्याच नावाने, ‘बॅरर’ म्हणून ओळखलं जातं. दुसऱ्या महायुद्धात ओक रिजला अणुबाँबसाठी युरेनियमचा वायू खरोखरीच्या सूक्ष्म भोकांच्या धातूच्या पडद्यांतून हजारो वेळा गाळला गेला. ते अजस्र काम होतं, पण त्यातली विद्या वेगळी होती.

जाडीची गाठ सुटली ती पाण्यापायी. कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात, सिडनी लोब आणि भारतातून गेलेले श्रीनिवास सौरीराजन समुद्राचं पाणी गोडं करू पाहत होते. १९६० च्या आसपास त्यांनी सेल्युलोज अ‍ॅसिटेटचं द्रावण काचेवर पसरलं, वरचा द्रव थोडा उडू दिला आणि मग ते पाण्यात बुडवलं. तापवलेल्या दुधावर धरते तशी त्याच्यावर साय धरली. वर अतिपातळ, घट्ट थर, आणि खाली त्याच पदार्थाचा सच्छिद्र, भरड आधार. गाळायचं काम सायीने करायचं, सायीला तोलून धरायचं काम खालच्या भरड थराने. ही साय माणसाच्या केसापेक्षा शेकडो पटींनी पातळ. पाण्यासाठी ती लगेच वापरात आली. वायूसाठी मात्र तिच्यात एक खोट होती, आणि तिची कथा कॅरोलायनाच्या धाग्याशी जोडलेली आहे.

कॅरोलायना हा गिरण्यांचा मुलूख. कापूस, मग रेयॉन, मग नायलॉन. रिसर्च ट्रँगल पार्कमध्ये अगदी सुरुवातीला आलेल्यांत केमस्ट्रँड ही कृत्रिम धाग्यांची कंपनी होती. १९६० मध्ये तिची संशोधनशाळा इथे उभी राहिली. पुढे ती पूर्णपणे मोन्सँटोच्या मालकीची झाली. याच शाळेत १९६५ मध्ये जेम्स फारिया आणि रॉबर्ट राइट यांनी नायलॉनचं गवत केलं, जे पुढे अ‍ॅस्ट्रोटर्फ नावाने खेळाच्या मैदानांवर पसरलं. जवळच, रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये, सेलनीज या धाग्याच्याच कंपनीच्या संस्थापकाच्या नावाने कॅमिल ड्रेफस प्रयोगशाळा निघाली. तिथे व्हिव्हियन स्टॅनेट आले. नंतर ते रॅलीच्या विद्यापीठात शिकवू लागले. धाग्यात रंग मुरतो कसा, ओल मुरते कशी, वायू मुरतो कसा, हे धागेवाल्यांचे रोजचे प्रश्न होते. स्टॅनेट यांनी त्यातून वायूचा प्रश्न उचलला. रबर मऊ असतं, त्याच्या साखळ्या हलत राहतात. काही प्लॅस्टिकं मात्र काचेसारखी ताठ असतात. त्यांच्यात गोठून राहिलेल्या बारीक पोकळ्या असतात, आणि वायू काही साखळ्यांमध्ये विरघळतो, काही त्या पोकळ्यांत अडकून बसतो. काचेसारख्या प्लॅस्टिकचा हिशेब दुहेरी आहे, हे दाखवण्यात स्टॅनेट यांचा मोठा हात होता.

इथून गुरुशिष्यांची साखळी सुरू होते. डोनाल्ड पॉल रॅलीच्या विद्यापीठातून १९६१ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडले, काही काळ केमस्ट्रँडच्या शाळेत काम केलं आणि टेक्सासला प्राध्यापक झाले. तिथे त्यांचे विद्यार्थी विल्यम कोरोस यांनी पॉलिकार्बोनेटमध्ये कार्बन डायऑक्साइड किती मुरतो आणि कसा सरकतो हे मोजलं. १९७७ मध्ये कोरोस रॅलीला शिकवायला आले, स्टॅनेट यांच्याच विभागात. फ्रीमन नावाचा एक मुलगा १९८३ मध्ये त्याच विभागातून पदवी घेऊन गेला आणि काही वर्षांनी प्राध्यापक होऊन परतला. त्याच्याकडे पुन्हा यायचं आहे.

आता ती खोट. लोब आणि सौरीराजन यांच्या सायीला कुठे ना कुठे सूक्ष्म छिद्र राहतंच. पाणी गाळताना ते फारसं नडत नाही. वायूला मात्र एवढीशी वाट पुरते. सायीच्या दहा लाख भागांपैकी एक भाग जरी छिद्राचा असला, तरी सगळे वायू त्या वाटेने धावतात आणि निवड बुडते. निर्दोष साय काढण्यासाठी वर्षानुवर्षं झटापट झाली. मोन्सँटोच्या जे हेनिस आणि मेरी ट्रिपोडी यांनी १९७० च्या दशकात वेगळा विचार केला. छिद्रं राहणारच असतील, तर राहू देत. वरून पातळ सारवण घालावं. पॉलिसल्फोन या ताठ प्लॅस्टिकचा पोकळ धागा काढायचा आणि त्यावर सिलिकॉन रबराचा थर द्यायचा. सिलिकॉन स्वतः काही निवडत नाही, सगळ्यांना सोडतो. पण छिद्रात गेला की ती वाट अरुंद होते, आणि वायूला नाइलाजाने पॉलिसल्फोनच्या सायीतूनच जावं लागतं. जमिनीला भेग पडली म्हणून कुणी नवी जमीन करत नाही. शेणामातीचा हात फिरवला की भेग बुजते. हेनिस आणि ट्रिपोडी यांनी केलं ते हेच, फक्त नॅनोमीटरच्या मापात आणि गणित मांडून.

धागा काढायचं कसब मोन्सँटोच्या हातात आधीपासूनच होतं. सुतासारखा धागा, पण आतून पोकळ. असे हजारो धागे एका नळकांड्यात बांधले की छोट्या जागेत पडद्याचं प्रचंड क्षेत्रफळ मिळतं. इचलकरंजीत सुताचे कोन पाहिलेल्या माणसाला ही जुडी लगेच ओळखीची वाटेल. १९८० मध्ये ‘प्रिझम’ या नावाने ती बाजारात आली. अमोनिया करताना चक्रात साचणारा निरुपयोगी वायू बाहेर सोडावा लागतो, आणि त्याच्याबरोबर महागडा हायड्रोजनही जातो. प्रिझमने तो परत मिळवून दिला. वायू गाळणारा पडदा खऱ्या अर्थाने उद्योगात आला तो खताच्या कारखान्यातून.

कार्बन डायऑक्साइडची पाळी लगेच पाठोपाठ आली. जमिनीतून निघणाऱ्या नैसर्गिक वायूत तो मिसळलेला असतो. पाइपात घालण्याआधी त्याला काढावं लागतं, नाहीतर ओलाव्याशी मिळून पाइप खातो. १९८३ मध्ये टेक्सासमधल्या सॅक्रॉक तेलक्षेत्रावर सायनारा कंपनीने सेल्युलोज अ‍ॅसिटेटच्या पोकळ धाग्यांचे पडदे बसवले. इतर कंपन्यांनी सपाट पडद्याच्या सुरळ्या करून त्या नळकांड्यांत घातल्या. विहिरीवर दाब मोठा असल्याने वायू स्वतःच ढकलला जातो. पंप लागत नाही, रसायन लागत नाही, वाफ लागत नाही. जिथे माणसं नाहीत, रस्ते नाहीत, तिथे ही पेटी गुपचूप काम करत राहते.

पण विहिरीवरही एक दोष समोर आला. दाबाखाली कार्बन डायऑक्साइड प्लॅस्टिकमध्ये फार मुरला की प्लॅस्टिक मऊ पडतं, फुगतं, आणि साखळ्या ढिल्या होतात. मग नको असलेला मिथेनही निसटू लागतो. मिचेल यांनी पाहिलेलं रबराचं फुगणं दीडशे वर्षांनी उद्योगाच्या मार्गात आडवं आलं.

त्यातच १९९१ मध्ये लॉइड रोबसन यांनी एक आलेख छापला. तोवर मोजलेल्या शेकडो प्लॅस्टिकांचे ठिपके त्यांनी एकाच कागदावर मांडले. आडव्या बाजूला वेग, उभ्या बाजूला निवड. सगळे ठिपके एका तिरप्या रेषेच्या खाली राहिले. जो पडदा भराभर सोडतो तो चोखंदळ नसतो, आणि जो चोखंदळ असतो तो हळू असतो. ही रेषा या विद्येतली लक्ष्मणरेषा झाली. ती कशामुळे पडते, याचं उत्तर १९९९ मध्ये बेनी फ्रीमन यांनी रॅलीच्या विद्यापीठातून दिलं. स्टॅनेट आणि कोरोस यांच्या विभागात शिकून परतलेला तो मुलगा हाच. त्यांनी दाखवलं, की रेषेचा उतार वायूंच्या रेणूंच्या आकारावरून ठरतो, तो बदलता येत नाही. पण रेषेची उंची प्लॅस्टिकवर अवलंबून आहे. साखळ्या ताठ ठेवून त्यांच्यामधली जागा वाढवली, तर रेषा वर ढकलता येते. म्हणजे कुठे खपायचं आणि कुठे नाही, हे कळलं.

यानंतरच्या काही वर्षांत रिसर्च ट्रँगलशी जोडलेले दोन निबंध ‘सायन्स’ नियतकालिकात आले, आणि दोन्हींत दोषाकडे उलट बाजूने पाहिलेलं होतं. पहिला २००२ चा. प्लॅस्टिकमध्ये अतिसूक्ष्म सिलिका मिसळली, तर वाट अडायला हवी. खडीत वाळू मिसळल्यावर पाणी झिरपणं कमी होतं तशी. टिम मर्केल, फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी एका ताठ प्लॅस्टिकमध्ये ती मिसळली, आणि वाट मोकळी झाली. सिलिकेच्या कणांनी साखळ्यांना नीट बसू दिलं नव्हतं. दुसरा निबंध २००६ चा, हायचिंग लिन, फ्रीमन आणि रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटच्या लोरा टॉय व रघुबीर गुप्ता यांचा. विहिरीवर नडणारं तेच मऊ पडणं, फुगणं त्यांनी मुद्दाम वापरलं. हायड्रोजनमधून कार्बन डायऑक्साइड काढायचा असेल, तर साखळ्या ढिल्या झाल्याने मोठा पण जास्त विरघळणारा कार्बन डायऑक्साइड लहानग्या हायड्रोजनच्या पुढे जातो. ज्याला वीस वर्षं रोग म्हटलं, त्याचंच औषध झालं.

याच संस्थेच्या जुन्या निबंधांत एक नाव वाचताना मी थबकलो: ए. एस. दामले. १९९४ मध्ये गंगवाल आणि वेंकटरामन यांच्यासह त्यांनी एका पडद्याच्या भट्टीचं गणित मांडलं. कार्बन मोनॉक्साइड आणि वाफ यांची अभिक्रिया होऊन हायड्रोजन व कार्बन डायऑक्साइड तयार होतात. तयार होणारा हायड्रोजन पडद्यातून बाजूला काढत राहिलं की अभिक्रिया पुढे ओढली जाते. इतिहासाच्या पुस्तकांत अशी नावं येत नाहीत. पण समीकरण कुणीतरी बसून सोडवलेलं असतं, म्हणून पुढचा माणूस नळ्या जोडू शकतो.

आता सगळ्यात अवघड जागा: कोळशाच्या वीजकेंद्राचं धुराडं. विहिरीवर दाब होता, इथे तो नाही. धूर जवळपास वातावरणाच्याच दाबाला बाहेर पडतो, आणि त्यात कार्बन डायऑक्साइड असतो साधारण बारा-चौदा टक्के. बाकी बहुतेक नायट्रोजन. धूर दाबायला किंवा पलीकडे निर्वात करायला वीज लागते, आणि ती वीज त्याच केंद्रातून जाते. अमाइन नावाच्या रसायनात धूर धुऊन काढायची पद्धत १९३० च्या पेटंटपासून माहीत आहे, पण ते द्रावण पुन्हा उकळवून मोकळं करायला वाफ लागते. पडद्याला ती लागत नाही. मग दाब आणायचा कुठून?

मर्केल रिसर्च ट्रँगल सोडून कॅलिफोर्नियाला गेले, मेम्ब्रेन टेक्नॉलॉजी अँड रिसर्च या कंपनीत. तिथे ‘पोलॅरिस’ नावाचा पडदा झाला. २०१० च्या निबंधात मर्केल आणि सहकाऱ्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक: धुराड्याशी दाबाचा फरक इतका थोडा आहे, की पडदा फार चोखंदळ असून उपयोग नाही, तिथे वेग हवा. शंभर वर्षं निवडीमागे धावणाऱ्या विद्येला हे सांगायला धीर लागतो. दुसरी: भट्टीला जी हवा लागतेच, ती आधी पडद्याच्या मागून फिरवून न्यायची. ती जाता जाता कार्बन डायऑक्साइड सोबत घेते आणि भट्टीत परत आणते. पंपाशिवाय ओढ मिळते, आणि धुरातलं कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण वाढत गेल्याने पुढच्या खेपेला तो काढणं सोपं जातं. नसलेला दाब त्यांनी केंद्राच्या स्वतःच्या श्वासातून उभा केला.

२०१५ मध्ये अलाबामातल्या विल्सनव्हिलच्या परीक्षण केंद्रावर या पडद्याची दिवसाला २० टन काढणारी यंत्रणा चालली. २०२४ मध्ये वायोमिंगमधल्या जिलेट गावाजवळ, ड्राय फोर्क या कोळशाच्या वीजकेंद्राच्या धुरावर, दिवसाला १५० टन काढणारं संयंत्र सुरू झालं. पडद्याने कार्बन डायऑक्साइड पकडणारं हे जगातलं सर्वांत मोठं. दरम्यान २०२२ मध्ये रॅलीच्याच रिचर्ड स्पॉन्टॅक यांनी नॉर्वेच्या सहकाऱ्यांबरोबर पडद्याच्या पृष्ठभागावर कार्बन डायऑक्साइडला ओढणाऱ्या साखळ्या कलम करून रोबसनची रेषा ओलांडून दाखवली. स्टॅनेट यांच्या गावात काम थांबलेलं नाही.

या धाग्याचं एक टोक पुण्यात आहे. सेलनीज कंपनीने १९८३ मध्ये दक्षिण कॅरोलायनातल्या रॉक हिलला आगीत न जळणारा एक धागा काढायला सुरुवात केली. अग्निशमन दलाच्या जवानांच्या कपड्यांत तो वापरतात. त्याचं रसायन पॉलिबेन्झिमिडाझोल. पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत उल्हास खरुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रसायनाला बाजूच्या साखळ्या जोडून त्यातून वायू कसे जातात, हे वर्षानुवर्षं मोजलं आहे. २०२० मध्ये कोरोनाची साथ आली, तेव्हा याच प्रयोगशाळेतून निघालेल्या जेनरिच मेम्ब्रेन्स या पुण्याच्या नवउद्योगाने पोकळ धाग्यांच्या जुडीतून हवा दाबून ऑक्सिजन ३५ टक्क्यांपर्यंत वाढवणारं यंत्र तयार केलं. ग्रॅहम यांचा ४१.६ चा आकडा आठवा. रेशमी कापडावर रबर चढवून ढलपी पेटवणारा तो प्रयोग दीडशे वर्षांनी माणसाच्या श्वासासाठी पुण्यात उभा राहिला. मुंबईच्या आयआयटीत २०२२ पासून कार्बन पकडण्याच्या अभ्यासाचं राष्ट्रीय केंद्रही आहे.

मॉरिसव्हिलहून परत आल्यावर मी एक हिशेब केला. वायोमिंगचं संयंत्र सुमारे १० मेगावॉट विजेइतका धूर हाताळतं. आपलं चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २,९२० मेगावॉटचं. म्हणजे अशी २९२ संयंत्रं लागतील, एका चंद्रपूरला. हा आकडा भीती घालायला लिहीत नाही. प्रिझमची पहिली जुडीही सगळ्या खतकारखान्यांना पुरणारी नव्हती. पण चंद्रपूरचा कोळसा राखेने जड आहे, उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो, आणि अलाबामात किंवा वायोमिंगमध्ये पास झालेला पडदा तिथे कसा वागेल, हे तिथेच नेऊन पाहावं लागेल. लहान का होईना, एक जुडी त्या धुराशी उभी करायला हवी, पुण्या-मुंबईच्या माणसांनी, आणि तिच्या शेजारी वही घेऊन बसायला हवं. ती कुठे तुंबेल, कुठे फुगेल, कुठे गळेल, ते पहिल्या उन्हाळ्यातच कळेल. मिचेल यांच्या बसलेल्या फुग्यापासून आजपर्यंत या पडद्याने प्रत्येक पाऊल टाकलं ते असा दोष कुणीतरी नीट पाहून लिहून ठेवल्यावरच.